गाव कोणते, घर कोणीकडे?

नोकरीचे बोलावणे आले की माणसाला आदल्या रात्री झोप लागत नाही. तो सदरा धुऊन ठेवतो. शाळेचा दाखला पिशवीत घालतो, पुन्हा काढून पाहतो. मीही तसेच केले होते. साल १९७८. मी मॅट्रिक झालो होतो. तालुक्याच्या गावी एका खाजगी कचेरीत कारकुनाची जागा होती.

आत तिघे जण बसले होते. माझ्या आधीच्या मुलाला ‘‘या, बसा’’ म्हटलेले मी दाराबाहेर ऐकले होते. मला कोणी बसा म्हणाले नाही. एकाने अर्ज पाहिला, आडनाव वाचले, आणि विचारले, ‘‘गाव कोणतं तुझं?’’ मी सांगितले. ‘‘गावात घर कोणीकडे? वेशीच्या आत की बाहेर?’’

आता पाहा, कारकुनाला हिशेब यावा लागतो. अक्षर चांगले लागते. त्यात वेशीचे काय काम? पण प्रश्न कशासाठी होता ते त्यांना ठाऊक होते आणि मलाही. मी म्हणालो, ‘‘बाहेर.’’ हिशेबाचा एकही प्रश्न झाला नाही. ‘‘बरं, कळवू,’’ म्हणाले.

दोन महिने मी पोस्टमनची वाट पाहिली. आईला मात्र सांगितले, ‘‘माझंच गणित चुकलं.’’ ती बिचारी म्हणाली, ‘‘मग नीट अभ्यास करायचा होता रे!’’ ते बोलणे मला अजून टोचते. चूक दुसऱ्याची होती आणि ती मी माझ्या अंगावर घेतली.

शिक्षण कमी असल्यामुळे असे होते, असे कोणी म्हणेल. तर बडोद्याचे ऐका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनला शिकून आले. १९१७ साली ते बडोदा सरकारच्या नोकरीत गेले. त्यांना परदेशी शिकायला पैसे बडोद्याच्या महाराजांनीच दिले होते. तरीही कचेरी ती कचेरीच! शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकीत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला जागा कोणी देईना. शेवटी नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

पुढे देशाची राज्यघटना लिहायची वेळ आली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते. ती घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिचे १६ वे कलम सांगते की सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना सारखी संधी आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून कोणाला बाजूला सारता येत नाही. १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. राखीव जागेच्या अर्जात जात विचारतात आणि दाखला मागतात, ती गोष्ट वेगळी. ती तुमच्या हक्कासाठी आहे.

१६ वे कलम सरकारी नोकरीपुरते आहे, हेही खरे सांगितले पाहिजे. पण अस्पृश्यता पाळून कोणाला कामावर घेतले नाही, तर १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. मग मालक खाजगी का असेना. या कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही. मी मुख्याध्यापक झाल्यावर शाळेत शिपायाची जागा निघाली. टेबलाच्या अलीकडे आता मी बसलो होतो. एक बाई आल्या. मी विचारले, ‘‘बाई, पोरं लहान आहेत. जमेल का तुम्हाला?’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘गुरुजी, माझ्या आधी आत आले त्यांनाही दोन पोरं आहेत. त्यांना विचारलंत का?’’

मी विचारले नव्हते. मला एकदम ती वेस आठवली. मी त्या गृहस्थांना परत आत बोलावले. दोघांनाही हजेरीपटातील नावे वाचायला लावली आणि टपालाची नोंद करायला दिली. बाईंची नोंद बिनचूक निघाली. जागा त्यांना मिळाली.

हा प्रश्न मोठ्या हुद्द्यावरच्या बायकांनाही चुकला नाही. सी. बी. मुथम्मा परराष्ट्र खात्यात वरिष्ठ अधिकारी होत्या. त्या खात्याचा नियमच असा होता की विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही. पुरुषाला अशी अट नव्हती. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे मारले.

तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा अर्जाची एक प्रत घरी ठेवा. अर्ज हातोहात दिला तर त्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे सही आणि तारीख. घर कोणीकडे, लग्न कधी, असे विचारले तर रागावू नका, पण घाबरूही नका. ‘‘साहेब, मला हे हे काम येते, करून दाखवू का?’’ असे म्हणा. काय विचारले ते घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहून ठेवा. लिहायला तर आता येतेच आहे!

आता पाटी घ्या आणि तुमच्या अर्जाच्या या चार ओळी लिहा. मोकळ्या जागा स्वतः भरा.

माझे नाव ______ आहे.
मला ______ हे काम येते.
हे काम मी ______ वर्षे केले आहे.
काम करून दाखविण्यास मी तयार आहे.