‘पानी’ आणि ‘पाणी’

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस हा भेद ओळखणारा प्राणी आहे. लाल आणि पिवळा, कडू आणि गोड, आपला आणि परका हे भेद कळल्याशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नाही. परंतु भेद ओळखणे वेगळे आणि त्या भेदावरून माणसाची किंमत ठरविणे वेगळे. या दोहोंची सरमिसळ कशी होते, हे मला ग्रंथांतून कळण्याआधी एका अक्षरामुळे कळले. ते अक्षर म्हणजे ‘ण’. म्हणून जगातील साऱ्या भेदांचा पसारा न मांडता मी येथे या एकाच अक्षराची हकीकत सांगणार आहे.

मी अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी दुष्काळावर बोलले. भाषण पाठ होते, आकडे पाठ होते. पहिल्याच वाक्यात माझ्या तोंडून ‘पानी’ गेले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. पुढे तो शब्द आला की हशा ठरलेला. आणि दुष्काळावरच्या भाषणात तो शब्द किती वेळा येतो, याची कल्पना वाचकांनीच करावी! परीक्षकांनी शेवटी अगदी मायेने सांगितले, “तयारी उत्तम आहे, फक्त उच्चार शुद्ध करा.” विहिरी का आटल्या याबद्दल मी काय म्हणाले, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिले नसावे.

त्यानंतर आमच्या मराठीच्या सरांनी मला भाषाविज्ञानाची दोन-तीन पुस्तके वाचावयास दिली. त्यांत फेर्दिनां द सोस्यूर या जिनिव्हातील प्राध्यापकाचा विचार भेटला. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भाषेतील कोणत्याही ध्वनीला स्वतःचे असे मोल नसते. तो दुसऱ्या ध्वनीहून निराळा आहे एवढ्यावरच त्याचे काम चालते. ‘मन’ आणि ‘मण’ हे दोन शब्द घ्या. एक काळजात असते, दुसरा तराजूत. न आणि ण यांतील भेदानेच हे दोन अर्थ वेगळे राहतात. हा भाषेचा उपयोगी भेद झाला.

आता ‘पानी’ आणि ‘पाणी’ घ्या. दोन्हींचा अर्थ एकच. विहिरीतून निघते ते एकच, घशाखाली उतरते तेही एकच. येथे न आणि ण यांतला भेद अर्थ वेगळा करीत नाही. तो बोलणारा माणूस वेगळा काढतो. म्हणजे हा भेद भाषेचे काम करीत नसून समाजाचे काम करीत असतो. मला या साऱ्या वाचनातून मिळालेली मोठी गोष्ट हीच.

कोणी म्हणेल, ‘पाणी’ हेच मूळ शुद्ध रूप आहे, ‘पानी’ हा अपभ्रंश. मलाही तसेच वाटत असे. पण मूळ संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यात न आहे! महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधल्या न चा ण झाला, ‘पानीय’चे ‘पाणिअ’ झाले आणि त्याचे आपले ‘पाणी’. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच प्राकृतातली. तिच्यात जिकडे तिकडे ण. संस्कृत पंडिताच्या कानाला तेव्हा हा ण म्हणजे लोकभाषेची खूण वाटत असणार. आज तोच ण शिष्टपणाची खूण होऊन बसला आहे.

उलट प्रकारही पाहा. संस्कृतात ‘कर्ण’, ‘पर्ण’, ‘उष्ण’ या शब्दांत ण आहे. प्राकृतात त्यांचे ‘कण्ण’, ‘पण्ण’, ‘उण्ह’ झाले आणि मराठीत आले कान, पान, ऊन. येथे प्रमाण मराठीनेच ण सोडून न धरला आणि त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. आमच्या बोलीने एवढेच केले, की प्रमाण मराठीने कान-पानाच्या बाबतीत जे केले तेच पाणी-लोणी यांच्या बाबतीतही केले. शिवाय हिंदी गाण्यात ‘पानी’ आले तर मला हसलेली तीच मंडळी ते गुणगुणत असतात. तेव्हा दोष न चा नाही. तो कोणाच्या तोंडून येतो, हे पाहिले जाते.

उच्चारावरून माणसाची पायरी दाखविण्याची ही रीत कलेतही फार जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया व सेवक प्राकृत बोलतात. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी आणि अंगठी सापडलेला कोळी मागधी. मागधीत र च्या जागी ल येतो, स च्या जागी श येतो. कोळ्याने तोंड उघडताच प्रेक्षकांना त्याची जागा कळत असे. राजाचे शिपाई त्याला चोर ठरवितात, त्याच्या धंद्यावरून टोमणे मारतात. पण माशाच्या पोटात अंगठी मिळाली हे त्याचे बोलणे खरे असते, आणि त्या अंगठीमुळेच राजाला शकुंतलेची आठवण होते. (आपल्याकडील अनेक नाटक-सिनेमांतील गडी मात्र अजून केवळ हशासाठीच ‘पानी’ आणतो.)

हा भेद नेहमी हशावरच थांबतो असे नाही. बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकात एक भयंकर कथा आहे. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले आणि पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणावयास सांगितले. एफ्राइमी लोकांना श म्हणता येत नसे. जो ‘सिब्बोलेथ’ म्हणे त्याला तेथेच ठार मारीत. त्या प्रसंगी ४२ हजार माणसे पडली असे कथा सांगते. त्या शब्दाचा अर्थ काय, तर धान्याचे कणीस!

अलीकडच्या काळातील एक अभ्यास मला अधिक बोलका वाटला. १९६२ साली विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत एक साधी युक्ती केली. एक दुकान श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्ताचे. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कोठे आहे असे ते विचारीत आणि नोकराने ‘फोर्थ फ्लोअर’ म्हटले, की त्यातला र ऐकू आला का, हे टिपून घेत. महागड्या दुकानात र सर्वांत जास्त, स्वस्तातल्या दुकानात सर्वांत कमी. म्हणजे न्यूयॉर्कात र म्हणणारा मोठा. पण इंग्लंडातील शिष्टांच्या इंग्रजीत नेमका हाच र गिळून टाकतात. तेथे तो ठासून म्हणणारा खेडवळ ठरतो. ध्वनी तोच, भाषा तीच, मधला समुद्र ओलांडला की किंमत उलटी.

आपल्याकडे ही किंमत कशी ठरली? छापील मराठीचे वळण एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईकडे पडले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. जेथे छापखाने, शाळा आणि कचेऱ्या होत्या, तेथील शिष्टांची भाषा ती प्रमाण भाषा झाली. हे सारे वऱ्हाडात घडले असते, तर कदाचित एखाद्या पुणेकर विद्यार्थ्याला ‘पाणी’ म्हटल्याबद्दल मान खाली घालावी लागली असती. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात आमच्या वऱ्हाडातच, रिद्धपूरला सिद्ध झाले, ही गोष्ट माझ्या वर्गातील अनेकांना ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

याचा अर्थ प्रमाण भाषा नको, असे मी म्हणत नाही. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे, कारण तो कोकणातल्या वाचकालाही कळावा असे मला वाटते. बारा ठिकाणच्या माणसांना एकत्र वाचता यावे म्हणून एक लेखनभाषा लागते. ती सोयीची आहे म्हणा, शिकून घ्या म्हणा. तिला ‘शुद्ध’ म्हटले, की घरची भाषा आपोआप अशुद्ध होते. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून खानदेशी बोलीतील त्या कवितेचे साऱ्या महाराष्ट्राने कौतुक केले आहे. पुस्तकात बोली आली तर गोडवा आणि बाकावर आली तर हशा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

स्पर्धेनंतरच्या सुटीत मी स्वतःही एक गोष्ट केली, ती लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आईने घागर उतरवून “पानी घे” म्हटले आणि मी म्हणाले, “आई, पानी नाही, पाणी.” आजी ओसरीवरून म्हणाली, “काऊन वं, पानी म्हनलं तं तहान भागत नाही काय?” सगळे हसले. आई हसली नाही. ती तो शब्द पुटपुटत आत गेली.

आता वसतिगृहात आईचा फोन येतो, तेव्हा ती सांभाळून बोलते. मला लाज वाटू नये म्हणून आठवणीने ण घालते आणि नको तेथेही घालते. परवा म्हणाली, “थंडी लय हाय. काणाले रुमाल बांधत जाय.” प्राकृतातल्या ‘कण्ण’मध्ये खरोखरच ण होता, हे मला आता ठाऊक आहे; पण ते फोनवर तिला कसे सांगावे? मी म्हणाले, “हो माय, बांधीन.”