ड्रोनने ब्रास मोजताय? आधी गवत काढा



महाळुंगे परिसरात सपाटीकरण आणि शेततळ्याची कामं चालू आहेत. बरेच जण विचारतात, ड्रोनने मोजून ब्रास काढले तर हिशोब खरा येतो का? येतो, पण एका अटीवर.

आधी हे कसं चालतं ते बघा. नाकासमोर बोट धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट सरकल्यासारखं दिसतं. लांबचं झाड मात्र फार सरकत नाही. ड्रोन पुढे जात एकावर एक चढणारे फोटो काढतो, साधारण ७०-८० टक्के भाग दोन्ही फोटोंत येतो. कोणता ठिपका किती सरकला यावरून कॉम्प्युटर त्याची उंची काढतो. असे लाखो ठिपके जोडून शेताचा उंच-सखल आकार तयार होतो. कामाआधीचा आकार वजा कामानंतरचा, म्हणजे खोदाई.

*पण फोटोत वरून दिसतं तेवढंच मोजलं जातं.* आपल्याच जिल्ह्यात सोनोरीला (ता. पुरंदर) गावठाणाची प्रायोगिक ड्रोन मोजणी झाली, नंतर २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आली. त्यातही हद्दी आधी चुन्याने आखून घेतात, त्या याचसाठी.

आता हिशोब करा. पहिल्या मोजणीला रानात अर्धा फूट गवत, दुसऱ्या वेळी उघडी माती. एक गुंठा १०८९ चौ. फूट, म्हणजे गुंठ्यामागे साडेपाच ब्रास आणि एकरी जवळपास २१८ ब्रास न खोदताच बिलात! गेल्या वर्षी एका प्लॉटवर ही चूक माझ्याच हातून झाली. गवताकडे दुर्लक्ष केलं. जेसीबीचे तास आणि ब्रास जुळेनात तेव्हा लक्षात आलं, नशीब पैसे द्यायचे होते.

म्हणून पहिल्या मोजणीआधी तण काढून घ्या. शेततळं मोजायचं तर कोरडं असताना, कारण पाण्यावर ठिपके नीट जुळत नाहीत. खोदकामाच्या बाहेर, बांधावर चार-पाच ठिकाणी चुन्याच्या फुल्या मारा आणि दोन्ही वेळी त्याच ठेवा. (शेताच्या हद्दीसाठी हे चालत नाही बरं का, त्याला भूमी अभिलेखचीच मोजणी लागते.)

रिपोर्ट आला की विहिरीच्या कठड्याची उंची बघा. दोन्ही वेळी तीच यायला हवी. फरक दिसला तर बिल देऊ नका, रिपोर्ट घेऊन ऑफिसला या.