डिझेलचा पंप पाण्यात नको, पेट्रोलमध्ये तर नकोच

वैशाखाच्या या पंधरवड्यात दोन वस्त्यांवर जाऊन आलो. एका ठिकाणी भावाची वाट पाहत ठेवलेल्या कापसाची खोली जळून गेली. दुसऱ्या ठिकाणी एकवीस-बावीस वर्षांच्या पोराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दोन्हीकडे राखेतून निघालेली वस्तू एकच होती: मनगटाएवढ्या जाडीचा, चकचकीत नळकांड्यासारखा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप आणि त्याच्या वायरीला लावलेले लाल-काळे चिमटे.

या महिन्यात मी आंबे बहराच्या फळगळीवर लिहिणार होतो. मोसंबीच्या आळ्यात आच्छादन किती जाड घालावे, पाणी संध्याकाळी का द्यावे, हे जालना, अंबड, घनसावंगीच्या बागायतदारांना मी नव्याने सांगायची गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरने बागा जगवल्या, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगले कळते. म्हणून ते सारे बाजूला ठेवून फक्त या पंपाबद्दल लिहितो.

हा पंप आता घरोघरी आहे. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमटे लावले की चालतो, नाहीतर पाठीवरच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची जुनी बॅटरी त्याला पुरते. टिपाडातले डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीत, टँकरने भरून दिलेल्या बॅरलातले पाणी झाडाच्या आळ्यात, कॅनमधले पेट्रोल फवारणीच्या इंजिनात, सगळे एकाच पंपाने. डोकेदुखी नेमकी इथेच आहे.

पंप वाईट नाही, हे आधी मान्य करतो. नळी तोंडात धरून डिझेल ओढण्याची आपली जुनी खोड त्याहून घातक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सालगड्याला मी स्वतः जीपमधून दवाखान्यात नेले होते. ओढताना डिझेल घशाखाली गेले, घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवली आणि उलटीबरोबर तेच डिझेल फुप्फुसात उतरले. पोटात गेलेल्या डिझेलपेक्षा फुप्फुसात गेलेले थोडेसे डिझेलही जास्त नुकसान करते. कोणी रॉकेल, डिझेल, पेट्रोल गिळले तर उलटी करवू नका, दूध पाजू नका, सरळ दवाखाना गाठा. तेव्हा तोंडाने ओढणे बंद झाले असेल, तर त्याचा मला आनंदच आहे.

आता पेट्रोल. या पंपाच्या आत साधी मोटर असते. तिच्यातले कार्बन फिरत्या भागावर घासतात आणि घासताना बारीक ठिणग्या पडत राहतात. हा मोटरीचा बिघाड नव्हे, ती चालतेच अशी. नवा पंप असतो तेव्हा या ठिणग्या आणि बाहेरचे इंधन यांच्यामध्ये एक छोटी रबरी सील असते. पंप दोनदा कोरडा फिरवला की ती सील भाजते आणि इंधन मोटरीच्या खोलीत झिरपू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. बहुतेक पंपांच्या खोक्यावर पेट्रोलसाठी वापरू नये असे लिहिलेले असते. ते खोके कुठे गेले, ते मी प्रत्येक घरी विचारतो आणि प्रत्येक घरी ते चुलीत गेलेले असते.

ज्याचे हात भाजले त्याच्या थोरल्या भावाने मला विचारले, "साहेब, गाडीच्या टाकीत तर पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. ती कशी पेटत नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच ती पेट घेते. गाडीच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला लागणारी हवाच कमी पडते, शिवाय तो पंप त्याच कामासाठी घडवलेला असतो. आपण मात्र उघड्या कॅनच्या तोंडातून पंप आत घालतो, चालूच ठेवून बाहेर काढतो, हवा आत जाते, वाफ बाहेर येते. काढण्याच्या त्या क्षणी पंपाभोवती वाफ आणि हवा अगदी पेटण्याच्या मापात मिसळलेली असते. त्या पोराने कॅन रिकामा होताना पंपाचा आवाज बदलला म्हणून तो वर ओढला. आग तेव्हाच लागली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखी पसरते आणि सखल जागा शोधते. पंप दाराशी चालवला आणि चूल माजघरात पेटलेली असली तरी वाफ उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जाते. कापसाची खोली जळाली तिथे कॅन ओट्यावर होता आणि बॅटरी खाली जमिनीवर. पंप बंद करायला बटण नव्हते, म्हणून त्यांनी बॅटरीचा चिमटा ओढून काढला. चिमटा सुटताना ठिणगी पडतेच, आणि वाफ तोवर बॅटरीपर्यंत पोचलेली होती. ओट्यावरून आग कापसात कशी गेली, हे सांगायला घरातल्या कोणालाच सुचत नव्हते, इतक्या झटक्यात ते झाले.

म्हणून पेट्रोलसाठी हा पंप नाही. घाईतसुद्धा नाही, थोड्यासाठीसुद्धा नाही. दोन घरगुती सेलवर चालणारी प्लॅस्टिकची पिवळी-लाल नळीही पेट्रोलसाठी नाही. तिच्यातही मोटरच असते. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमधून पत्र्याच्या नरसाळ्याने, इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर भरा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, तेही विक्रीसाठी नव्हे आणि धातूच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात. खाद्यतेलाच्या प्लॅस्टिक कॅनला कायद्यात जागा नाही, आणि त्याला कारण आहे. प्लॅस्टिकवर घर्षणाने साठलेली वीज निघून जायला वाट मिळत नाही, ती ठिणगी होऊनच बाहेर पडते.

डिझेलबद्दल सगळ्यांचा एक ठाम समज आहे: डिझेलवर जळती काडी टाकली तरी ते पेटत नाही. थंडीच्या दिवसांत हे पुष्कळसे खरे असते. ज्या तापमानाला द्रवावर पेटण्याजोगी वाफ जमते, ते तापमान डिझेलसाठी भारतीय मानकाने किमान ३५ अंश ठरवले आहे. आता आपल्याकडचा पारा पाहा. मराठवाड्यात दुपारी ४२-४३ अंश, विदर्भात त्याहूनही वर. हे सावलीतले आकडे झाले. उन्हात उभ्या काळ्या टिपाडाला हात टेकवत नाही, इतके ते तापलेले असते. पौषात न पेटणारे डिझेल वैशाखात पेटू शकते. त्यातही भरल्या टिपाडापेक्षा तळाशी थोडे उरलेले टिपाड जास्त धोक्याचे, कारण त्यात वाफेला आणि हवेला भरपूर जागा असते. रिकामे टिपाड कापून गुरांसाठी पाण्याचा हौद करायला वेल्डिंगवाल्याकडे नेणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे. रिकामे म्हणजे निर्धोक नव्हे.

आणि डिझेलात पेट्रोल मिसळणारे! "इंजिन हलके चालते", "इंजेक्टर साफ होतात", असली औषधे कोण शिकवते कोण जाणे. लिटरभर पेट्रोल डिझेलच्या टिपाडात गेले की ते टिपाड डिझेलचे राहत नाही, आगीच्या दृष्टीने ते पेट्रोलचेच होते. इंजिनाला त्याने काही मिळत नाही.

मग डिझेल कसे भरावे? माझे पहिले उत्तर आहे, पंपाशिवाय. टिपाड सावलीत, अडीच-तीन फूट उंचीच्या लोखंडी घोडीवर आडवे ठेवा, तोंडाला तोटी बसवा. डिझेल आपल्या वजनाने उतरते, बॅटरी लागत नाही, ठिणगी नाही. ज्यांना घोडी करणे शक्य नाही त्यांनी टिपाडावर बसणारा, हाताने फिरवायचा पंप घ्यावा. बॅटरीचाच पंप वापरायचा असेल तर सकाळी सूर्य चढण्याआधी, उघड्यावर, ट्रॅक्टर बंद करून. चिमट्यांच्या वायरीत बटण बसवून घ्या, आणि बॅटरीच्या जवळ दहा अँपिअरचा फ्यूज. पंप साधारण पाच अँपिअर ओढतो. तो अडकला की वायर तापते आणि प्लॅस्टिक वितळते, फ्यूज आधी उडाला तर एवढ्यावर निभावते. बॅटरी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, वायर पुरेल तेवढी लांब ठेवा. बटण बंद असताना चिमटे जोडा, मग पंप टिपाडात सोडा. काम झाल्यावर बटण बंद करा, पंप बाहेर काढा, झाकण लावा आणि चिमटे सगळ्यात शेवटी सोडवा. हा क्रम उलटा करू नका. पंप फिरत असताना टिपाडातून कधीही काढू नका.

पंप टिपाडाच्या तळाला टेकवणे ही आणखी एक सर्रास चूक. रात्री टिपाड गार होते, बाहेरची हवा आत ओढते, त्या हवेतली ओल पाणी होऊन खाली बसते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी गाळ आणि पाणी, वर डिझेल. तळाला टेकलेला पंप आधी ते पाणीच उचलतो. पंपाला दोरी बांधा आणि तळापासून चार बोटे वर लटकवा. टिपाड हलवले असेल तर एक दिवस स्थिर राहू द्या. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांमध्ये इंधनाची बारीक आणि फार दाबाची व्यवस्था आली आहे. तिला पाण्याचे थेंब सोसत नाहीत. पेरणीच्या तोंडावर इंजेक्टर गेले तर खर्च तर होतोच, पण ओल निघून जाते, आणि ओल कोणी भरून देत नाही.

यंदा पंपाने पाणी हलवण्याचे प्रमाण वाढले आहे, म्हणून त्याबद्दलही कडक बोलतो. डिझेलात एकदा गेलेला पंप पाण्यात घालू नका. दोन वर्षांपूर्वी एका बागायतदाराने मला नवी लागवड दाखवायला बोलावले. दीड वर्षाची मोसंबी, काही झाडांची पाने कडेने करपलेली, काहींची खालची पाने तेलकट आणि पिवळी. त्यांना वाटले रोग आहे, आणि औषध दुकानदाराने सांगितले म्हणून त्यांनी दोन बुरशीनाशके मारलीही होती. मी बॅरलात डोकावलो. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत पापुद्रा होता. सकाळी ट्रॅक्टरला डिझेल भरायचे, दुपारी त्याच पंपाने झाडांना पाणी घालायचे आणि घालताना थोडे पानांवर उडवायचे, असे आठ दिवस चालले होते. कडक उन्हात पानावर बसलेला तेलाचा थर पानाला भाजतो, आणि आळ्यात गेलेले तेल मातीच्या कणांना गुंडाळते, पाणी मुरू देत नाही. बुरशीनाशकाचे पैसे वाया गेले ते वेगळेच.

ठिबकच्या टाकीत असे पाणी गेले तर रबराचे वायसर फुगतात आणि नळ्यांच्या सांध्यांतून गळती सुरू होते. जनावरांच्या हौदात गेले तर बहुतेक जनावरे वासाने तोंड फिरवतात, आणि ४३ अंशांत दिवसभर न प्यालेली म्हैस संध्याकाळी काय अवस्थेत असते, ते तुम्ही जाणता. तहान अनावर होऊन प्यायलीच, तर तेल तिच्याही फुप्फुसात जाऊ शकते.

पंप निरम्याने धुतला, रॉकेलने खंगाळला, राखेने घासला, चुन्याच्या निवळीत रात्रभर ठेवला, हे सगळे उपाय मला सांगून झाले आहेत. आतल्या रबरात आणि नळीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेले डिझेल धुऊन निघत नाही. नळी वास घेऊन बघा. महिनाभर पाणी सोडले तरी वास राहतो. हजार रुपयांचा दुसरा पंप घ्या. एकावर लाल रंगाचा पट्टा मारा, तो डिझेलचा. एकावर निळा, तो पाण्याचा. नळ्याही वेगळ्या, बॅरलेही वेगळी, आणि ठेवायच्या जागाही वेगळ्या. घरातल्या बायका आणि पोरांनाही रंग सांगून ठेवा, कारण दुपारच्या वेळी पाणी घालायला बहुतेक तेच असतात.

वाळवीसाठी खोडाशी डिझेल ओतणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे हटकतो आहे. वाळवी चार दिवस दूर राहते आणि झाडाची साल कायमची जाते. पंप हाताशी असल्याने हे ओतणेही यंदा सोपे झाले आहे. करू नका.

डिझेलचे टिपाड कापसाच्या खोलीत, कडब्याच्या गंजीजवळ किंवा पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी असेल तर हा लेख वाचून होताच ते हलवा. कापूस विकेपर्यंत थांबू नका. टिपाडापाशी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचा अग्निशामक सिलिंडर ठेवा. इंधनाच्या आगीवर पाणी फेकू नका, पेटते इंधन पाण्यावर तरंगत पुढे जाते. कोणाच्या अंगावरचे कपडे पेटले तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर लोळवा, जाड सुती गोधडीत गुंडाळा. आग विझली की भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. त्या पोराच्या हातांवर घरच्यांनी टूथपेस्ट थापली होती, आणि दवाखान्यात ती खरवडून काढताना सालही निघाली. पाणी सोडत असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

मृगाआधीच्या दोन आठवड्यांत मी गावोगाव फिरणार आहे. चावडीवर येताना घरातला पंप सोबत आणा, त्याची सील आणि वायर मी बघून देईन.