तुकड्यांची सांगड

इ. स. १९२० च्या सुमारास मॉस्कोत कोरी चित्रफीत दुर्मिळ होती. तरीही लेव्ह कुलेशॉव्ह या तरुण शिक्षकाने विद्यार्थ्यांसह एक प्रयोग केला. पहिल्या तुकड्यात एक तरुण डावीकडून उजवीकडे चालतो. दुसऱ्यात, शहराच्या निराळ्याच भागात, एक तरुणी उजवीकडून डावीकडे येते. पुढे दोघे भेटतात, तरुण बोट दाखवतो आणि अमेरिकेतील ‘व्हाइट हाउस’ दिसते. लगेच दोघे मॉस्कोतील एका चर्चच्या पायऱ्या चढतात. प्रेक्षकांस मात्र सारे एकाच ठिकाणी घडल्यासारखे वाटे. कारण चालण्याची दिशा व नजरेचा रोख जुळला, की सांधा दिसत नाही. तरुणीही डावीकडून उजवीकडे चालली असती, तर ती त्याच्यामागून जात आहे, असा भास झाला असता.

स्वाध्याय : वर्गातील दोघा मित्रांच्या भेटीचे चित्रण चार तुकड्यांत कसे कराल, ते लिहा.