कला शाखेतून ऑक्युपेशनल थेरपीकडे

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नव्हते, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुऊन मंचावर निजविले आणि मग संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. तेथेच चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यांतली मैत्रीभावना सर्वांच्या लक्षात राहते. परंतु पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत: औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय मानवते, काय मानवत नाही हे कळणे. सेवेची ओढ असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा, यासाठी हा लेख.

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. नाव फसवे आहे. लोकांना वाटते, हे धंद्याचे मार्गदर्शन असावे. येथे व्यवसाय म्हणजे माणूस रोज जे जे करतो ते सर्व. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईचा उजवा हात लकव्याने गेला, तर तिला पुन्हा देठ खुडता यावा, भाकरी थापता यावी, लुगडे नेसता यावे, हे या शास्त्राचे काम. बोटांत पूर्वीचे बळ येत नसेल तर वस्तूची मूठ जाड करायची, बसण्याची उंची बदलायची किंवा डाव्या हाताला शिकवायचे.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. एक निवृत्त गुरुजी पेन्शनसाठी येत. लकव्यानंतर त्यांची सही जुळेना, म्हणून आम्ही नियमाप्रमाणे शाईचा पॅड पुढे केला. गुरुजी म्हणाले, "भाऊसाहेब, आयुष्यभर पोरांना अंगठा सोडायला शिकवलं हो." त्यांच्या हाताला पुन्हा वळण लावण्याचे शास्त्र असते, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते.

हे शास्त्र भारतात रुजवले तेही दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्या बाईंनी. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. येथे शिक्षणाच्या कामात वर्षे घालवल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर, त्यांनी फिलाडेल्फियाला जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्याही त्या पहिल्या अध्यक्षा.

एवढे वाचून आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे सांगणे भाग आहे. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या, शहादा तालुक्यातील एका मुलीला आम्ही छातीठोकपणे सांगितले, की पदवी आहे, आता पदव्युत्तर शाखेला थेट प्रवेश मिळेल. ती भावाला घेऊन मुंबईला गेली. तेथे तिला कळले, की आपल्याकडे या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला याच विषयाची पदवी लागते. दोघांचे जाण्यायेण्याचे पैसे आणि तिचा हुरूप, दोन्ही वाया गेले.

खरी स्थिती अशी आहे. महाराष्ट्रात पदवीला प्रवेश हवा तर बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र आणि नंतर नीट परीक्षा. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून चार वर्षांहून अधिक. के. ई. एम., शीव आणि नायर या मुंबईच्या पालिका रुग्णालयांशी जोडलेल्या तसेच नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात तो चालतो. म्हणजे कला पदवीधराला मागे जाऊन विज्ञानाची बारावी करावी लागते. हे कठीण आहे, आणि घरची कमाई थांबणार असेल तर आम्ही कोणालाही आग्रह करणार नाही.

अमेरिकेत मात्र कोणत्याही विषयाच्या पदवीधराला या क्षेत्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथेही हा विषय शिकवतात. परंतु अर्जापूर्वी शरीररचना, शरीरक्रिया, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे ठराविक विषय पूर्ण असावे लागतात, आणि अनेक ठिकाणी थेरपिस्टबरोबर बसून काम पाहिल्याचे तासही मागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला गुणांची व विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. परत येऊन येथे काम करायचे तर नोंदणी कशी होईल, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये, आमच्याही नाही.

तयारी मात्र आजपासून करता येते. बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे आणि हाताचे स्नायू स्वतःच्या हातावर चाचपून पाहावेत. घरातील आजी पाटावरून कशी उठते, कोणता हात आधी टेकते, कोठे अडते, ते आठ दिवस वहीत लिहावे. धडगावच्या डोंगरपाड्यावरील माणसाला मुंबईत बनलेली चाकाची खुर्ची का चालत नाही, याचे उत्तर शहरातील विद्यार्थ्यापेक्षा आमची मुले लवकर देतील. कलाशाखेत शिकलेली माणसांची, भाषेची, समाजाची जाण येथे फुकट जात नाही. ज्यांना मागे फिरणे शक्य नाही, त्यांनी विशेष शिक्षणातील बी. एड. किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी पाहावी. ते वेगळे काम आहे, पण माणसे तीच.

त्या मुलीने विशेष शिक्षणाचा मार्ग धरला. तिच्या भावाने यंदा अकरावीचा अर्ज भरला, तेव्हा आम्ही शेजारी बसलो होतो. जीवशास्त्राच्या चौकटीत खूण तिने स्वतः करवून घेतली.