संस्थेच्या दप्तरास संगणक कीं स्मार्टफोन ?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. तेव्हांपासून शेतकऱ्याचें बरेंचसें काम यंत्रावर गेलें आहे. आतां विविध कार्यकारी सोसायट्यांत प्रश्न निघतो कीं, दप्तरास संगणकच हवा, कीं सचिवाच्या स्मार्टफोनवर भागेल ? याचा निर्णय किंमत पाहून नव्हे, तर कामाचा प्रकार पाहून करावा, असें आमचें मत आहे.

कांहीं नोंदी बांधावर उभें राहूनच करावयाच्या असतात. गांव नमुना नंबर १२ मधील पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व खातेदारास स्वतः फोनवरून पीक, क्षेत्र व छायाचित्र भरतां येऊं लागलें. छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. म्हणून तेथें मेजावरील संगणक निरुपयोगी होय. धडगांव-अक्कलकुवा भागांतील डोंगरांत नेटवर्क जेथें मिळत नाहीं, तेथील खातेदारांनीं मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नये व नोंद पोंचल्याची खात्री करावी. नोंद राहिल्यास पीकविमा, पीककर्ज व हमीभावाची विक्री यांत अडथळा येतो.

रोजकीर्द, खतावणी व कर्जखातीं यांची गोष्ट निराळी. तेथें अनेक रकाने एकदम समोर ठेवून ताळा पाहावा लागतो. याच कारणास्तव केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. शिवाय फोन ही व्यक्तीची वस्तु आहे. सचिव बदलला, अथवा फोन हरवला, म्हणजे सभासदांचा हिशेबही त्याबरोबर जातो.

तथापि नुसता संगणक घेतल्यानें दप्तर सुरक्षित होत नाहीं. सभासदांनीं पुढील तीन गोष्टी सभेंत अवश्य विचाराव्या :

१. परवलीचा शब्द व नोंदविलेला मोबाईल क्रमांक संस्थेचा आहे काय ?

२. हिशेबाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली जाते काय ?

३. रोजकीर्द रोज छापून तीवर सही होते काय ? वीज गेल्यास तोच कागद आधार होय.

नांगर व विळा यांत श्रेष्ठ कोण, असें शेतकरी विचारीत नाहीं. ज्याचें काम त्याजकडून घेतो. येथेंही तोच न्याय लावावा.