रेग्युलेटरची सर्व्हिसिंग: बिल फोडून मागा

मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग पावसाळ्यात बंद असतं. स्वतःचा रेग्युलेटर असेल तर सर्व्हिसिंग उरकायचे हेच दिवस. ऑक्टोबर तोंडावर आला की डाइव्ह सेंटरांचंच सामान रांगेत लागतं आणि तुमचा नंबर त्यामागे जातो.

दर विचारला की बहुतेक ठिकाणी एकच ठोक आकडा सांगतात. तो फोडून मागा. मजुरी स्टेजवर ठरते. टाकीला बसते ती फर्स्ट स्टेज, तोंडात धरतो ती सेकंड स्टेज आणि अडीअडचणीला जोडीदारासाठी ठेवलेला पिवळा ऑक्टोपस ही आणखी एक सेकंड स्टेज. म्हणजे मजुऱ्या तीन आणि सर्व्हिस किटही तीन. अमेरिकेत एका स्टेजची मजुरी साधारण ३० ते ५० डॉलर पडते, किटचे पैसे वेगळे. आपल्याकडे दर जागेगणिक बदलतात. हिशोबाची रीत मात्र तीच. समजा, मजुरी स्टेजला १,००० रुपये, फर्स्ट स्टेजचं किट २,५०० आणि उरलेली दोन प्रत्येकी १,५०० रुपयांना. बेरीज ८,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १०,०३० रुपये. माउथपीस, होज आणि कुरियर यात नाहीत. वर्षातून एकदाच पाण्यात उतरणाऱ्याने हा खर्च आणि भाड्याच्या रेग्युलेटरचा खर्च शेजारी मांडून पाहावा. बऱ्याचदा भाडंच परवडतं.

किटमध्ये मुख्यतः ओ-रिंगा, सीट आणि फिल्टर असतात. भाग खोलून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये स्वच्छ करतात, झिजलेलं बदलतात, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस लावून पुन्हा जोडतात. खरी कसोटी त्यानंतरची. टाकीतला २०० बारचा दाब फर्स्ट स्टेज भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतक्यावर आणते. हा मधला दाब गेजवर एका जागी थांबायला हवा. काटा हळूहळू वर सरकत राहिला तर हाय प्रेशर सीट नीट बसत नाही असं समजा. मग सेकंड स्टेज आपोआप फुसफुसू लागते. त्यामुळे बिलासोबत मधल्या दाबाचं रीडिंग लिहून मागा आणि काढलेले जुने भागही परत मागा. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही.

दरवर्षी सगळं खोलून घ्यायचा आग्रह मात्र मला पटत नाही. ॲक्वालंग, एपेक्ससारख्या कंपन्या पूर्ण ओव्हरहॉल दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर, यातलं जे आधी येईल तेव्हा करायला सांगतात आणि मधल्या वर्षी तपासणी. तपासणी बरीच स्वस्त पडते. तुमच्या मॉडेलचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये बघा. काही कंपन्या सुटे भाग फुकट देतात, पण ठरलेल्या तारखा चुकल्या तर ती सवलत जाते. तेवढ्यासाठी पावत्या जपून ठेवा.

देण्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला बारीक जाळीसारखा फिल्टर उजेडात बघा. त्यावर हिरवट झाक असेल तर आत पाणी गेलंय, बहुधा डस्ट कॅप न लावता धुतल्यामुळे. तांबूस भुकटी म्हणजे स्टीलच्या टाकीतला गंज. काळपट असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरवर संशय घ्यावा. यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न पाहता रेग्युलेटर द्या. होजच्या टोकाचं रबरी आवरण मागे सरकवून चिराही तपासा; त्या आवरणाखालीच लपतात. आणि धुताना पर्ज बटण दाबू नका, पाणी होजमधून वर चढतं.

परत आलेला रेग्युलेटर घेऊन थेट नेत्राणी किंवा अंदमान गाठू नये. आधी स्विमिंग पूलमध्ये वापरून पाहा. नवी सीट बसायला थोडा वापर लागतो आणि तेवढ्यात मधला दाब जरासा हलू शकतो. पुन्हा ॲडजस्ट करून घ्यावा लागतो. त्याचे वेगळे पैसे घेणार का, हे रेग्युलेटर हातात देण्याआधीच विचारून ठेवा.